घरातली बाळंतीण कृष्णवर्णीय असेल तर तिच्या माणसांतली डूला कशी शोधावी

माझी भावजय बाळंत झाली तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या घरात डिंक, आळीव, बाळंतशेपा सगळं भरून ठेवलेलं होतं. साताऱ्याहून आई तीन महिन्यांसाठी आली होती. तरी चौथ्या दिवशी भावजय मला हळूच म्हणाली, "सगळे माझ्यासाठी इतकं करतात, पण ज्याच्याशी बोलताना काही समजावून सांगावं लागणार नाही असं माझं कुणी इथे नाही." ती कृष्णवर्णीय अमेरिकन, मूळची जॉर्जियाची. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. मावशी तिकडेच मेकनला नर्सिंग होममध्ये नोकरी करते, तिला आठवड्यापेक्षा जास्त रजा मिळत नव्हती.

बाळंतपणानंतर घरी येऊन बाळंतिणीला आधार देणारी बाई, म्हणजे डूला, आम्ही आधीच ठरवली होती, पण खूप चुका करत आणि उशिरा. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुमची सून, वहिनी, मैत्रीण किंवा शेजारीण कृष्णवर्णीय असेल आणि ती अमेरिकेत बाळंत होणार असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

हा हौसेचा मामला का नाही, ते आधी सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांनुसार, दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, तर गोऱ्या मातांचं प्रमाण १४.५ होतं. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणाला आठवडा उलटल्यानंतर ते वर्षभराच्या काळात होतात आणि दहातले आठ टाळता येण्यासारखे असतात, असंही सीडीसीच्याच तपासणीत दिसलं आहे. शिक्षण, पैसा, नाव यानेही हे टळत नाही. २०१७ साली मुलीच्या जन्मानंतर सेरेना विल्यम्सच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा तिलासुद्धा स्कॅन करा म्हणून हट्ट धरावा लागला होता. बाई "मला काहीतरी होतंय" म्हणते आणि समोरचा ते मनावर घेत नाही, खरा धोका तिथे आहे. अशा वेळी तिचं म्हणणं पहिल्या झटक्यात खरं मानणारं माणूस घरात असावं.

१. डूला म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या

डूला डॉक्टर नसते, नर्स नसते आणि आपल्या जुन्या अर्थाने सुईणही नसते. ती टाके तपासत नाही, औषध देत नाही. बाळंतिणीला सावरणं, अंगावर पाजायला मदत करणं, खाण्याकडे लक्ष ठेवणं, घरच्यांना शिकवणं, काही बिनसलं तर दवाखान्याकडे वळवणं, हे तिचं काम. त्यात दोन प्रकार आहेत. बर्थ डूला कळांच्या वेळी सोबत असते आणि नंतर बहुतेक एक-दोनदाच घरी येते. पोस्टपार्टम डूला पुढचे आठवडे घरी येत राहते. आम्ही आधी बर्थ डूलाच ठरवत होतो आणि तीच महिनाभर येईल असं धरून चाललो होतो.

दुसरा घोळ नाइट नॅनीचा. जाहिरातीत "न्यूबॉर्न केअर", "बेबी नर्स" असे शब्द दिसले की समजा, ती बाई बाळासाठी येणार आहे. बाळंतिणीकडे कोण बघणार, हे वेगळं विचारावं लागतं.

शब्दाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. 'डूला' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ दासी. त्यामुळे या क्षेत्रातल्या काही कृष्णवर्णीय स्त्रिया तो वापरतच नाहीत, स्वतःला बर्थ वर्कर म्हणवतात. शोधताना दोन्ही शब्दांनी शोधा.

२. बाळंतिणीला विचारा: तुझी माणसं म्हणजे कोण?

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. भावाने आणि मी मिळून एक नाव काढलं, फोन केला, भेट ठरवली. बाई मूळच्या नायजेरियाच्या, अतिशय प्रेमळ. त्यांच्या इग्बो समाजात लेकीच्या बाळंतपणाला आई येऊन राहते, त्याला ओमुग्वो म्हणतात. गरम पाण्याचा शेक, पोटाला मालिश, तिखट पेपर सूप. ऐकताना मला वाटलं, हे तर आपलंच बाळंतपण! आई तर खूशच झाली. भावजय मात्र गप्प. नंतर म्हणाली, "त्या छान आहेत, पण त्यांच्यासाठीही मी परकीच आहे. मला माझ्या आजीसारखं बोलणारं कुणी हवंय."

'ब्लॅक' हा एका समाजाचा शिक्का नाही. जॉर्जिया-अलाबामातून उत्तरेकडे आलेली कुटुंबं वेगळी, हैती-जमैकाची वेगळी, नायजेरिया-घाना वेगळी, सोमालिया-इथिओपिया त्याहून वेगळी. देव वेगळा, चूल वेगळी, बाळंतिणीने काय करायचं नि काय नाही याच्या समजुती वेगळ्या. साताऱ्याच्या बाळंतिणीसाठी "इंडियन आहे ना, झालं" म्हणून केरळची बाई ठेवली तर जे होईल, तेच इथे होतं.

म्हणून आधी तिच्यासोबत एक संध्याकाळ बसा आणि तिच्या मनातलं कागदावर उतरवा. तिला त्याच प्रदेशातली, त्याच चर्चच्या रीतीतली बाई हवी आहे का? की कृष्णवर्णीय असणं पुरेसं आहे? की वर्णापेक्षा सिझेरियननंतरचा अनुभव महत्त्वाचा? तिच्या घरी बाळंतिणीला काय खायला घालत? यादी तिची. तुम्ही फक्त लिहून घ्या.

भावजयीच्या यादीत एक ओळ होती, "माझ्या पणजीसारखी." पणजी जॉर्जियात बाळंतपणं करायची. दक्षिणेत अशा स्त्रियांना ग्रॅनी मिडवाइफ म्हणत. कृष्णवर्णीयांची, आणि कित्येक गरीब गोऱ्यांचीही बाळंतपणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच हातून झाली. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर या माता-बालआरोग्याच्या कायद्यानंतर सरकारी प्रशिक्षण, परवाने, तपासण्या आल्या आणि हळूहळू त्यांचं काम बंद पाडलं गेलं. अलाबामाने तर १९७६ साली त्यांच्या कामावर बंदीचा कायदाच केला. आपल्याकडे सुईणी कशा मागे पडल्या हे पाहिलेल्या माझ्या आईला हे एका वाक्यात कळलं.

३. शोध विसाव्या आठवड्यापासून सुरू करा

आम्ही बत्तिसाव्या आठवड्यात सुरू केला. तोवर चांगल्या बायकांच्या तारखा भरलेल्या होत्या. पाचवा महिना ही योग्य वेळ.

देशभरासाठी नॅशनल ब्लॅक डूलाज असोसिएशनची यादी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या सिस्टा मिडवाइफ प्रॉडक्शन्सची राज्यवार यादीही चांगली आहे, तिच्यात कृष्णवर्णीय मिडवाइफही आहेत. स्थानिक संस्थांमध्ये ब्रुकलिनची एन्शंट साँग, वॉशिंग्टनची मामाटोटो व्हिलेज, कॅन्सस सिटीची उझाझी व्हिलेज, ही याच कामाची नावं. न्यू जर्सीत डूला लर्निंग कोलॅबोरेटिव्हकडे चौकशी करा. रुग्णालय निवडायचं असेल तर 'अर्थ' (Irth) नावाचं ॲप बघा. कृष्णवर्णीय आणि इतर बिगरगोऱ्या मातांनी डॉक्टर-रुग्णालयांबद्दल लिहिलेले अनुभव त्यात वाचायला मिळतात. एप्रिलमध्ये ११ ते १७ तारखेला ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक असतो. त्या दिवसांत ठिकठिकाणी कार्यक्रम होतात, तिथे डूला प्रत्यक्ष भेटतात.

आम्हाला आमची डूला यातल्या कुठल्याच यादीतून मिळाली नाही. भावजयीच्या केस विणणाऱ्या बाईने नाव दिलं. ब्युटी सलोन, चर्च, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटनांच्या जुन्या मैत्रिणी, या तीन ठिकाणी विचारल्याशिवाय शोध पूर्ण झाला असं समजू नका.

सावध राहण्याच्या दोन गोष्टी. काही एजन्सी जाहिरातीत कृष्णवर्णीय आई-बाळाचे फोटो लावतात, पण घरी कोण येणार हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. "येणाऱ्या बाईशी आधी बोलायचं आहे" असं पहिल्याच फोनवर सांगा. आणि मोफत सामुदायिक योजनांना काउंटी किंवा पिनकोडची अट असते, प्रतीक्षायादीही असते. नाव लवकर नोंदवा.

४. पैसे कुठून येतील

आम्हाला सांगितलेले दर ताशी ३५ ते ६० डॉलर होते, रात्रीच्या पाळीला त्याहून जास्त. इतके पैसे खिशातून घालण्याआधी पुढचे मार्ग तपासा.

मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर राज्याचा नियम बघा. ओरेगन आणि मिनेसोटाने सुरुवात केली, आता बरीच राज्यं डूलाचे पैसे देतात. न्यू जर्सीत जानेवारी २०२१ पासून ८ भेटी मिळतात (आई १९ वर्षांची किंवा लहान असेल तर १२) आणि प्रसूतीच्या वेळची सोबत वेगळी. लक्षात घ्या, या ८ भेटींत बाळंतपणाआधीच्याही मोजल्या जातात. आधीच सहा वापरल्या तर नंतरला दोनच उरतात. कॅलिफोर्नियात २०२३ पासून ही सोय आहे. तिथे डॉक्टरांची वेगळी चिठ्ठी लागत नाही, राज्याने सगळ्यांसाठी एकच शिफारस काढून ठेवली आहे. न्यूयॉर्कनेही २०२४ मध्ये तसंच केलं. अट एकच, डूला त्या राज्याच्या मेडिकेडमध्ये नोंदलेली हवी. "मी मेडिकेड घेते" हे तोंडी ऐकून थांबू नका, तिचा नोंदणी क्रमांक घ्या आणि विमा योजनेला फोन करून खात्री करा.

नोकरीतून विमा असेल तर एचआरला नेमका प्रश्न विचारा: पोस्टपार्टम डूलाची भरपाई आहे का? नुसतं "डूला" विचारलंत तर उत्तर प्रसूतीच्या डूलाचं मिळेल. काही कंपन्या कॅरट किंवा मेवनसारख्या सेवांमार्फत पैसे देतात. एफएसए-एचएसएचे (आरोग्यखर्चासाठी करमुक्त बाजूला ठेवलेले) पैसे वापरायचे असतील तर डॉक्टरांचं गरज दाखवणारं पत्र आधी घ्या, नंतर मागितलं तर वेळ जातो.

आणि बेबी शॉवर! वीस जणी वीस ब्लँकेट आणतात. आम्ही निमंत्रणातच लिहिलं, "भेटवस्तूऐवजी डूलाच्या तासांसाठी हातभार लावा." भावाच्या महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांनी मिळून २४ तासांचे पैसे दिले.

५. हे कागद एका फाइलमध्ये ठेवा

- विमा कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि फोटो ओळखपत्र
- प्रसूतीची अपेक्षित तारीख असलेलं डॉक्टरांचं पत्र
- डूलाच्या प्रशिक्षणाचा दाखला, मेडिकेड असेल तर नोंदणी क्रमांक
- सही केलेला करार
- भरपाईसाठी तारीखवार, तासवार बिल आणि डूलाचा टॅक्स क्रमांक
- रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद, चालू औषधांची यादी
- बाळंतिणीच्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलू शकेल याचं सही केलेलं संमतीपत्र

शेवटचा कागद आमच्याकडे नव्हता. तो नाही म्हणून फोनवर भावाला एक शब्द सांगितला गेला नाही.

६. भेटीत काय विचाराल

ही भेट बाळंतिणीने घ्यायची. तुम्ही बाजूला बसा. दाखला असावाच असा सरसकट कायदा नाही, त्यामुळे कागदापेक्षा उत्तरांकडे लक्ष द्या.

"एखाद्या बाईचं म्हणणं दवाखान्यात ऐकून घेत नव्हते, तेव्हा तुम्ही काय केलंत?" आमच्या डूलाने यावर दहा मिनिटं सांगितलं: कुणाला फोन केला, काय शब्द वापरले, कागदावर काय लिहून घ्यायला लावलं. आधीच्या दोघी "मी खूप सपोर्टिव्ह आहे" एवढंच म्हणाल्या होत्या.

"सावळ्या-काळ्या त्वचेवर लक्षणं कशी ओळखता?" हा प्रश्न नक्की विचारा. स्तनाला सूज आली की "लाल होईल" असं पुस्तकात असतं. गडद त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे गरम लागणं, कडकपणा आणि दुखणं यावरून कळतं. बाळाची कावीळ त्वचेवर दिसली नाही तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघाव्या लागतात. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही गडद त्वचेवर कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं. सिझेरियनचा व्रण जाड होऊन वर येण्याचं प्रमाणही अशा त्वचेत जास्त असतं. आणि बाळाच्या पाठीवर-कुल्ल्यावर जन्मतः निळसर डाग असतात, आपल्याही बाळांना असतात. ते मार लागल्याचे वळ समजले गेले तर मोठा मनस्ताप होतो. पहिल्याच तपासणीत बालरोगतज्ज्ञांना ते कागदावर नोंदवायला सांगा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. हे आम्हाला डूलानेच सांगितलं.

करारात तास, भेटींच्या तारखा, बाळ लवकर आलं तर काय, डूला आजारी पडली तर बदली कोण, आणि पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

७. आपल्या घरच्यांची तयारी

हे लिहिणं मला जड जातंय, पण आपल्या लोकांना आपणच सांगायला हवं. बाळाच्या रंगाबद्दल घरात एक शब्द निघता कामा नये. "बापावर गेलाय, बरं झालं", "केसांचं काय करायचं गं", "डाळीचं पीठ लावा म्हणजे उजळेल", असलं काही प्रेमानेही नाही. फोनवर भारतातून कुणी बोललं तर तिथेच थांबवा. स्पीकरवर असतं सगळं, आणि ती सूर ओळखते.

जावळाचंही आधी बोलून घ्या. आईच्या मनात पाचव्या महिन्यात जावळ काढायचं होतं. भावजयीच्या घरी वर्ष व्हायच्या आत बाळाच्या केसांना कात्री लावत नाहीत. आईने ते ऐकलं आणि वर्षानंतर करू म्हणाली.

डूला पहिल्यांदा आली तो सकाळचा प्रसंग मला लख्ख आठवतो. तिने हात धुतले, बाळाला उचललंच नाही. सरळ पलंगावर भावजयीशेजारी बसून विचारलं, "शेवटचं कधी जेवलीस?" मग कंगवा मागितला. रुग्णालयात गेल्यापासून केसांना हात लागला नव्हता. तिने भांग पाडला, टाळूला बोटांनी तेल लावलं, दोन घट्ट नसलेल्या वेण्या डोक्यालगत विणल्या आणि वर सॅटिनची टोपी बांधली. भावजय डोळे मिटून बसली होती. आई दारात उभी राहून बघत होती. आम्ही तिला रोज न्हायला घालायला निघालो होतो आणि तिच्या केसांना ते चालत नाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

स्वयंपाकात दोन चुली मानल्या. डूला कोलार्डची पालेभाजी स्मोक्ड टर्की घालून शिजवायची, आई माळकरी. मग टर्कीसाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव. भावजयीने आळिवाची खीर आवडीने खाल्ली, डिंकाचा लाडू नको म्हणाली. नको म्हणजे नको, एवढं घरच्यांनी पाळायचं.

८. पहिल्या दहा दिवसांत काय सांभाळाल

रक्तदाब मोजायचं यंत्र घरी आणाच, दंडाला बसणारा योग्य मापाचा पट्टा असलेलं. सहाव्या दिवशी भावजयीचं डोकं दुखायला लागलं. गोळी घेऊनही थांबेना. दवाखान्याच्या नर्सलाइनने, म्हणजे फोनवरच्या नर्सने, सांगितलं, झोप झाली नाही, आराम करा. दुपारी डूला आली, चेहरा बघून म्हणाली, "पट्टा लाव." १६२ वर १०४. तिने दुसरा विचारच केला नाही. "आता इमर्जन्सीत. आणि दारातच पहिलं वाक्य म्हणायचं: सहा दिवसांपूर्वी बाळंत झाले आहे." बाळंतपणानंतरचा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार, निघाला. चोवीस तास मॅग्नेशियमची सलाइन लावावी लागली. आज ती ठणठणीत आहे.

म्हणून या खुणा फ्रिजवर लिहून लावा: न थांबणारी किंवा वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, छातीत दुखणं, धाप, हात-चेहऱ्यावर खूप सूज, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, एका पायात दुखणारी सूज, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. रक्तदाब १४० वर ९० गेला तर डॉक्टरांना फोन. १६० वर ११० यातला एक जरी आकडा गाठला, तर थेट इमर्जन्सी. डूलाची वाट बघत थांबू नका.

मन खचलं तर मातांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे: १-८३३-८५२-६२६२. पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनलचे कृष्णवर्णीय मातांसाठी वेगळे ऑनलाइन गट आहेत, तिथे घरबसल्या बोलता येतं.

९. जुळलं नाही तर, आणि शेवटची भेट

दोन भेटींत बाळंतिणीला मोकळं वाटलं नाही, तर बदला. भीड धरू नका. तिच्याच वर्णाची आहे म्हणून जुळेलच असं नाही. आणि बदली मिळाली नाही तर वेगळ्या समाजातली पण ऐकणारी डूला ठेवा, सोबत मावशी-मैत्रिणींची व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून द्या. आम्ही मेकनच्या मावशीला रोज रात्री साडेआठला लावायचो.

सगळ्या भेटी पहिल्या महिन्यात संपवू नका. एक भेट चौथ्या महिन्यासाठी राखून ठेवा. तेव्हा केस मुठीने गळायला लागतात, रजा संपते, आई भारतात परतलेली असते आणि घर एकदम रिकामं होतं. आमची डूला शेवटची आली ती भावजयीच्या ऑफिसच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. पंप, बाटल्या, बर्फाची पिशवी तिने एकेक करून बॅगेत भरायला लावली, कपाळाजवळचे विरळ झालेले केस ताणले जाणार नाहीत अशा सैल वेण्या घातल्या आणि जाताना आईच्या डब्यातले उरलेले दोन लाडू मागून घेऊन गेली.